ज्याचे त्याच्या नावावर

खान्देशात उच्चारली गेलेली आणि पुढे मराठी घराघरांत पोहोचलेली दोन पुस्तके अशी आहेत, की ज्यांत शब्द एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी सहबंद्यांसमोर गीतेवर बोलत असत. २१ फेब्रुवारीला सुरू झालेली ही प्रवचने १९ जूनला संपली, म्हणजे अठरा रविवारी अठरा अध्याय झाले, आणि ती उतरून घेण्याचे काम त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी केले. दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. कामे करता करता त्या ओव्या रचत आणि म्हणत, आणि त्यांतले जे मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी कागदावर टिपून ठेवले, ते आपल्यापर्यंत आले. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले.

शाळेत आपण या दोन्ही हकिगती कर्त्यांच्या बाजूने शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मी गेली बरीच वर्षे जळगावातील एका हौशी नाट्यसंघात संहितेचे काम पाहते, आणि त्या कामामुळे माझे लक्ष हळूहळू उतरून घेणाऱ्यांकडे वळले. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आईच्या बोलीतली ओळ प्रमाण मराठीत बसवून देणे, एखादे यमक घासून लख्ख करणे, त्यांच्या हाताला मुळीच जड गेले नसते. त्यांनी बोली बोलीच ठेवली, आणि लेवा गणबोलीतल्या त्या कविता आज विद्यापीठात अभ्यासल्या जातात. साने गुरुजींची लेखणी किती भावविवश आहे हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, पण त्या प्रवचनांत गुरुजींचा गळा दाटून येत नाही. तिथे वाक्ये विनोबांची आहेत, आखडती, नेमकी, मध्येच मिस्कील. ज्याच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे त्याने दुसऱ्याचे सांगणे स्वतःचे काही न मिसळता उतरवणे ही माझ्या मते एकत्र काम करण्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण यात कसब कमी पडत नाही, उलट कसबाला आवर घालावा लागतो.

नाटक हा प्रकारच असा, की त्यात कोणी काय आणले याचा माग लवकर पुसला जातो. तालमीत एखादी नटी वाक्य म्हणता म्हणता अडखळते, कोपऱ्यातून कोणीतरी वेगळा शब्द सुचवतो, तो बसतो, दोन दिवसांत तो सर्वांच्या तोंडी रुळतो आणि प्रयोगाच्या वेळेपर्यंत तो लेखकाचा झालेला असतो. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. विसरणे सोयीचे असते, एवढेच. राज्य नाट्य स्पर्धेत पारितोषिकांचे विभाग ठरलेले असतात, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनय वगैरे, आणि ते ठरलेले असावेतही, कारण परीक्षकांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु आमच्या संघातल्या ज्या बसवाहकाने सांगितले की रावेरकडची म्हातारी ‘आहे’साठी ‘शे’ म्हणणार नाही, ते धुळे-साक्रीकडचे बोलणे झाले, त्याच्या त्या सांगण्याला कोणत्याही विभागात जागा नसते. वास्तविक त्या एका दुरुस्तीमुळे आमच्या त्या पात्राला गाव मिळाले होते. तोपर्यंत ती नुसती ‘खान्देशी म्हातारी’ होती, म्हणजे कुठलीच नव्हती.

म्हणून आमच्या संघात तालमीची एक वही असते. शाळेतली दोनशे पानी साधी वही, पुठ्ठ्यावर खाकी कव्हर, डाव्या पानावर संहितेचा उतारा चिकटवलेला आणि उजव्या पानावर चार रकाने आखलेले: तारीख, प्रसंग, बदल, आणि सूचना कोणाची. लिहायचे त्याच रात्री, घरी जाण्यापूर्वी, चहाचे ग्लास गोळा होत असताना. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटले की सूचना आठवते आणि माणूस विसरतो, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव आठवते. या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘प्रसंग तिसरा. कंदील मालवल्यावर एकदम अंधार करू नये. आधी फक्त चुलीचा उजेड उरावा, मग तोही जावा.’ शेवटच्या रकान्यात डिमर चालवणाऱ्या मुलाचे नाव आहे. तो दिवसा दालमिलमध्ये काम करतो आणि रात्री आमच्याकडे येतो. प्रकाशयोजना त्याची नव्हती, त्याचे काम सांगितलेल्या वेळी सांगितलेली खटकी वरखाली करण्याचे होते. तालमीच्या मध्येच तो म्हणाला, “आप्पा, लाईट गेली ना, की आमच्या घरात आधी चूल दिसते. चूल आधीपासून पेटलेलीच असते, पण तवर कोणाचं लक्ष नसतं.” आप्पा म्हणजे आमचे दिग्दर्शक. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घेतला. पुढे त्या नाटकाला प्रकाशयोजनेचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ज्यांच्या नावावर ते होते त्यांनी सत्काराच्या भाषणात चुलीची हकीगत त्या मुलाच्या नावासह सांगितली. त्या मुलाने पुढच्या वर्षी प्रकाशाचा आराखडा स्वतः काढला. मला या दोन गोष्टींचा संबंध स्पष्ट दिसतो. ज्याच्या नावावर लहानशी गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली जाते, तो मोठी गोष्ट घेऊन येण्याचे धाडस करतो. ज्याची नोंद होत नाही, तो दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि नुकसान नाटकाचे होते. म्हणून श्रेयाची काटेकोर नोंद ही मला केवळ न्यायाची बाब वाटत नाही, ती कलेच्या दर्जाची बाब आहे.

आता याच्या दुसऱ्या टोकाविषयी. सर्वांचे ऐकायचे म्हणजे सर्वांच्या मताने चालायचे, असा अर्थ काही संघांत घेतला जातो, आणि अशा संघांची नाटके मी पाहिली आहेत. त्यांत प्रत्येकाला आवडलेले थोडेथोडे असते आणि कोणालाच हवे होते ते नसते. मतदानाने नेपथ्य ठरत नाही. कोणीतरी एकाने रंगमंचाकडे पाहून ‘हे राहील आणि हे जाईल’ असे म्हणावे लागते आणि त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. मग सहभाग आणि निर्णय यांची सांगड कशी घालायची, या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याच धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी आहे.

पांझरेवरची फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर लहान लहान बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात अनेकांची शेते असतात, प्रत्येकाचा बांध वेगळा आणि मालकी वेगळी, पण त्या फडात त्या हंगामात पीक एकच घ्यायचे, आणि ते कोणते हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. ते बसून ठरवताना वाद होत असणार, आवाज चढत असणार, हे गाव पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु एकदा ठरले की पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने. शेतमालकाने रात्री उठून आपल्या शेताचे तोंड स्वतः उघडायचे नाही. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि पाटाची सफाई मात्र सगळ्यांनी. मला या व्यवस्थेतली सीमारेषा फार आवडते. ठरण्यापूर्वी बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, ठरल्यानंतर पाण्याला हात लावण्याचा हक्क एकालाच आहे, आणि गाळ काढण्याच्या कामातून कोणालाही सूट नाही.

आमच्या संघाने ही घडी जाणूनबुजून घेतली असे मी म्हणणार नाही, पण आमची रीत तिच्याशी जुळते. रंगीत तालमीपर्यंत कोणीही काहीही विचारू शकतो. अगदी पहिल्या वर्षाच्या मुलीनेही आप्पांना “हा माणूस इथे का थांबतो?” असे विचारले, तर त्यांना उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर सुचले नाही तर हालचाल बदलावी लागते. रंगीत तालीम झाली की चर्चा बंद. प्रयोगाच्या संध्याकाळी तर आप्पांचाही शब्द चालत नाही. तिसरी घंटा झाल्यावर विंगेतला रंगमंच व्यवस्थापक सांगेल तेच होते आणि आप्पा प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसतात. सामान मात्र सगळे उचलतात. मुख्य भूमिका करणाऱ्या नटाने मेकअप पुसण्यापूर्वी लेव्हलचे, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याचे, एक टोक धरायचे, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम आहे. एकदा एका चांगल्या नटाने तो मोडून पाहिला, आणि त्याला कोणी काही बोलले नाही, फक्त सगळेजण लेव्हल तशीच ठेवून त्याची वाट पाहत उभे राहिले.

निर्णय घेणाऱ्याने मग किती सांगावे आणि किती सोडावे, हा वेगळा प्रश्न आहे. याबाबतीत फैजपूरचे उदाहरण आमच्या चर्चांत नेहमी येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे, कारण फैजपूर जळगावपासून दूर नाही आणि तिथल्या आठवणी सांगणारी घरे अजून आहेत. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले ते फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नगराची सजावट करण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले होते. अट एवढीच, की खेड्यात मिळणाऱ्या साधनांतून आणि गावच्या कारागिरांच्या हातून सारे उभे राहावे. बांबू, गवत, चटया यांतून ते नगर उभे राहिले. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी त्या रचनेचे श्रेय स्थापत्यकार म्हात्रे आणि नंदबाबू यांना दिले आणि आपण फक्त कल्पना सांगितली, तिला रूप देणे त्यांच्यावर सोडले, असे स्पष्ट केले. मला यात दोन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे अट कडक होती. साधनांची मर्यादा पातळ करून कलावंताला खूश करण्याचा प्रयत्न झाला नाही. दुसरी म्हणजे अट सांगून झाल्यावर हात मागे घेतला गेला. आमच्याकडे अनेक कार्यक्रमांत नेमके उलटे होते: सुरुवातीला “तुम्हाला हवे तसे करा” म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यात बॅनरचा रंगसुद्धा बदलायला लावतात. आधी मोकळीक देऊन नंतर ती परत घेणे हा सर्जनशील माणसाचा सर्वांत मोठा अपमान आहे. त्यापेक्षा पहिल्या दिवशी दिलेला स्पष्ट नकार बरा.

परवानगीचा आणि मर्यादेचा हा प्रश्न आमच्यापुढे खरोखर कस लावून आला तो कानबाईच्या गाण्यांच्या निमित्ताने. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. एका नाटकात आम्हाला हा प्रसंग हवा होता. संघातल्या एका नटीच्या ओळखीने आम्ही धुळ्याकडच्या एका गावातल्या वृद्ध बाईंकडे गेलो. ओसरीवर बसून त्यांनी आम्हाला गाणी म्हणून दाखवली. मध्येच एखादी ओळ अडली की त्या उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत आणि ओळ आपोआप येई. आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले आणि मी शेवटी विचारले, “माय, पत्रिकेत तुमचे नाव टाकू ना?” त्या म्हणाल्या, “हाई गानं मनं नही शे. मन्ही सासूनं शे.” मग सासूबाईंना ते कुठून मिळाले, तर त्यांच्या माहेरून. त्या माहेरातही ते कोणा एकीचे असणार नाही. पत्रिकेत आम्ही शेवटी तिन्ही लिहिले: गाण्याची परंपरा, सासूबाईंचे गाव, आणि म्हणून दाखवणारीचे नाव, त्यांची संमती घेऊन.

खरी अडचण पुढे आली. त्या गाण्यांतले सर्वांत सुंदर कडवे विसर्जनाच्या वेळचे होते, आणि बाईंनी सांगितले की ते तुम्ही ऐकले ते ऐकले, पण कानबाई पाण्याकडे निघाल्याशिवाय ते म्हणत नाहीत, तेव्हा नाटकात घेऊ नका. त्यांनी हे दटावून सांगितले नाही, चहा ओतता ओतता सांगितले. परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला. एकाचे म्हणणे असे, की कला रूढीच्या परवानगीने चालत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, की प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांना हे कळणार आहे. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. रूढीला न विचारता पुष्कळ चांगली नाटके झाली आहेत आणि व्हायलाही हवीत. परंतु तिथे रूढी ज्यांच्यावर जुलूम करते त्यांच्या बाजूने ती मोडली जाते. इथे आम्ही ज्यांच्या ओसरीवर बसून, ज्यांचा चहा पिऊन ते कडवे मिळवले, त्यांनीच नको म्हटले होते, आणि आमच्या बाजूने कारण एवढेच होते की ते सुंदर आहे. आप्पांनी कडवे वगळले. त्या जागी नुसता डफाचा ठेका आणि पात्रांचे चालणे ठेवले. प्रसंग त्यामुळे अधिक चांगला झाला, असे म्हणायला मला आवडले असते, पण तसे झाले नाही. तो थोडा पांगळाच राहिला, परीक्षकांनी तसे लिहिलेही. तरीही तो निर्णय मला आजही मान्य आहे. तत्त्व पाळल्याने कलाकृती दर वेळी सुधारतेच, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कधी कधी कलाकृतीला त्याची झळ सोसावी लागते, आणि ती सोसायची की नाही हे आधीच ठरवलेले असावे लागते, कारण पडदा उघडण्याच्या आठवड्यात ठरवायला बसलो तर कोणीही सुंदर कडव्याच्याच बाजूने कौल देईल.

याउलट अनुभवही आहे. आमच्याच एका नाटकातले अहिराणी गीत एका संस्थेने आपल्या ध्वनिचित्रफितीत कोणाचेही नाव न देता वापरले. सध्या अहिराणी गाण्यांचा यूट्यूबवर मोठा बोलबाला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण जी बोली बोलताना एका पिढीला संकोच वाटत होता ती आता लग्नाच्या वरातीत मोठ्या आवाजात वाजते. परंतु या गर्दीत ‘लोकगीत’ हा शब्द फार सोयीचा झाला आहे. गाण्यावर लोकगीत असे लिहिले की मानधन द्यावे लागत नाही आणि नाव विचारावे लागत नाही. त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिले, उत्तर आले नाही, विषय तिथेच राहिला.

टीकेबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण आम्हा खान्देशी मंडळींना आपल्या स्पष्टवक्तेपणाचा फार अभिमान असतो. तोंडावर बोलतो, मागे बोलत नाही, हे वाक्य इथे कोणत्याही बैठकीत ऐकू येते. माझे निरीक्षण असे, की हा स्पष्टपणा बहुधा उताराच्या दिशेने वाहतो. नव्या मुलीला “तुझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही येत नाही” असे सर्वांसमोर सुनावणारा माणूस आप्पांचा प्रसंग लांबला असेल तर “जरा विचार करून पाहा” म्हणतो. स्पष्टपणा हे मूल्य असेल तर त्याची भाषा दोघांसाठी एकच हवी, मग ती कठोर असो वा मवाळ. आमच्याकडे यावर बरीच धुसफूस झाली आणि शेवटी आप्पांनीच तोडगा काढला, की तालमीनंतरच्या बैठकीत पहिली टीका दिग्दर्शनावर व्हायची, मग इतरांवर. यात थोडा नाटकीपणा आहे, आणि पहिले काही दिवस लोक नुसतेच घसा खाकरत बसत. पण ज्या दिवशी बसवाहकाने सांगितले की दुसऱ्या अंकातली मधली पंधरा मिनिटे प्रवासी उतरून जातील अशी आहेत, त्या दिवशी ती पद्धत रुजली. तो भाग छाटला गेला. लेखिका मी असल्यामुळे छाटण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या रात्री मी बसवाहकाशी फारसे बोलले नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

वेळेविषयीचा आमचा नियम मला सर्वांत जवळचा आहे. तालीम कधी संपायची हे घड्याळ ठरवत नाही, ते चोपड्याकडे जाणारी शेवटची एसटी ठरवते, कारण संघातली एक मुलगी त्या बाजूच्या गावातून येते. दिग्दर्शकाचे घर दहा मिनिटांवर आहे, माझे त्याहून जवळ. आम्हाला मध्यरात्रीपर्यंत तालीम करायला काहीच हरकत नसते, आणि रंगात आलेला प्रसंग मध्येच तोडताना जीव तुटतो. तरीही सर्वांत दूरच्या माणसाच्या सोयीने वेळ ठरवायची, असे ठरले आहे. तिला कोणीतरी मोटारसायकलवर सोडून येईल, ही सूचना दर वर्षी कोणीतरी करतो आणि दर वर्षी ती फेटाळली जाते. तिच्या घरच्यांनी तिला पाठवले आहे ते एसटीच्या भरवशावर, आमच्या उत्साहाच्या भरवशावर नव्हे. अशी अट पाळल्यामुळे तालीम नेमकी होते, हा वरचा फायदा. आठ ते साडेनऊ या वेळात पान खायला बाहेर जाणारे आमच्याकडे उरलेले नाहीत.

यंदा वही त्याच मुलीकडे सोपवली आहे. तिने पहिल्याच आठवड्यात मला विचारले, की स्वीकारलेल्या सूचनांपुढे नाव लिहितो, मग नाकारलेल्या सूचनांचे काय? एखाद्याने दहा वेळा सुचवले आणि दहाही वेळा नाही म्हटले गेले, तर वहीच्या दृष्टीने तो माणूस तालमीला आलाच नाही. तिचे म्हणणे असे, की पाचवा रकाना आखावा आणि त्यात नाकारलेली सूचना, ती कोणाची, आणि नाकारण्याचे कारण लिहावे. आप्पांचा याला विरोध आहे. कारणे लिहायला लागलो तर तालीम कधी घेऊ, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय मला वाटते, की नाकारताना दर वेळी कारण असतेच असे नाही, कधी नुसते ‘नको वाटते’ असते, आणि ते शाईने लिहिलेले पाहणे कोणत्याही दिग्दर्शकाला आवडणार नाही. यावर दोन बैठका झाल्या आणि निर्णय झालेला नाही. दरम्यान, वही तिच्याकडे असल्यामुळे पाचवा रकाना आखला गेला आहे, आणि त्यातली पहिली नोंद आहे: ‘पाचवा रकाना आखावा. नाकारले. कारण: वेळ नाही.’